चुंबकाला बटण नसते

(बेलूर औद्योगिक वसाहतीतील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



बेलूर म्हटले की बाहेरच्या माणसाला हासन जिल्ह्यातले बेलूर आठवते, चेन्नकेशवाचे देऊळ आठवते. आपले बेलूर निराळे. धारवाडहून बेळगावकडे निघाले की महामार्गाच्या कडेला लागणारी ही औद्योगिक वसाहत. इथे शिल्पे पाहायला कोणी येत नाही, पाळीवर येतात. लोखंड कापणे, घासणे, वितळवणे, जोडणे हा इथला धंदा, आणि म्हणूनच आजचा विषय मी मुद्दाम मागून घेतला. संयोजकांनी आरोग्यावर काहीही बोला म्हटले होते. मधुमेह आणि रक्तदाब यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. मी बोलणार आहे ते एमआरआय काढायला जाताना रुग्णाने काय तयारी करावी यावर.

विषय किरकोळ वाटेल. दवाखान्यात एक कागद देतात, त्यावर सगळे लिहिलेले असते, मग व्याख्यान कशाला? कारण असे की त्या कागदावर एक प्रश्न असतो, तो बँकेतल्या कारकुनाला विचारला काय किंवा न विचारला काय, फारसा फरक पडत नाही. तुम्हाला मात्र विचारलाच पाहिजे. प्रश्न असा: तुमच्या डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का?

त्या प्रश्नाकडे मी सावकाश येतो. आधी यंत्राकडे पाहू.

तुमच्यापैकी बरेच जण सरफेस ग्राइंडरवर बसलेले असतील. तिथे मॅग्नेटिक चक असतो. जॉब ठेवला, स्विच फिरवला, जॉब घट्ट. काम झाले, स्विच फिरवला, जॉब मोकळा. चुंबक ही चालू-बंद होणारी चीज आहे, ही समजूत त्यामुळे हाताला लागून गेलेली असते. एमआरआयच्या दारात नेमकी हीच समजूत घात करते. तिथल्या चुंबकाला रोज चालू-बंद करायचे बटण नसते. निओबियम आणि टायटॅनियम या धातूंच्या मिश्रणाची तार, तिची वेटोळी, आणि ती वेटोळी उणे २६९ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेली. इतक्या थंडीत त्या तारेचा विजेला होणारा विरोध संपतो. एकदा वीज भरली की ती आपली फिरत राहते. बाहेरून पुरवठा लागत नाही. वीज गेली, दिवे गेले, एसी बंद पडला, रविवार असला, पडद्यावर काही दिसत नसले, तरी चुंबक चालूच. बहुतेक दवाखान्यांत तो दीड टेस्लाचा असतो, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजारांहून अधिक पट. तीन टेस्लाचा असेल तर त्याच्या दुप्पट.

बटण एक असते, नाही असे नाही. माणूस अडकला तर दाबायचे. ते दाबले की हेलियम उकळून वायू होतो, सातशे पटींहून अधिक फुगतो आणि नळीवाटे छपराबाहेर जातो. मग चुंबक मरतो. पुन्हा हेलियम भरून तो जागा करायला दिवस लागतात आणि खर्चही मोठा येतो. म्हणून त्या बटणाला कोणी सहज हात लावत नाही, आणि लावूही नये.

हेलियमवरून एक आडवाटेची गोष्ट सांगतो. हे मूलद्रव्य माणसाला आधी पृथ्वीवर सापडले नाही, सूर्यावर सापडले. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास ग्रहण आपल्याच मुलखावरून गेले. गुंटूरला फ्रेंच खगोलज्ञ जान्सेन बसले होते, विजापूरला कॅप्टन हेग, आणि पटवर्धनांच्या जमखिंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या वर्णपटात एक पिवळी रेघ दिसली, ती ओळखीच्या कोणत्याच मूलद्रव्याची नव्हती, हे पुढे इंग्रज खगोलज्ञ लॉकियर यांनी इंग्लंडमधून ठरवले. सिंधुदुर्गातल्या विजयदुर्ग किल्ल्यावर हेलियम दिवस साजरा करतात आणि लॉकियरसाहेबांचे ओटे दाखवतात. त्या वर्षी साहेब काही तिथे नव्हते, पण ओटे पाहायला अवश्य जा. जमखिंडीत मात्र कोणी कसला दिवस साजरा करत नाही, याचे मला वाईट वाटते.

असो. चुंबक सतत चालू आहे, ही पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट त्याहून फसवी. त्याची ओढ दारात जवळजवळ जाणवत नाही. दोन पावले पुढे गेले की थोडी जाणवते, आणि यंत्राच्या बोगद्याच्या तोंडाशी ती एकदम इतकी वाढते की हातातली जड वस्तू सावरायला वेळ मिळत नाही. म्हणजे 'ओढायला लागले तर मागे फिरेन' हा हिशेब तिथे चालत नाही.

२७ जानेवारी २०१८ ची संध्याकाळ. मुंबईचे नायर रुग्णालय. नात्यातल्या एका आजारी बाईंना एमआरआयसाठी आणले होते. सोबत आलेला ३२ वर्षांचा तरुण ऑक्सिजनचे सिलिंडर हातात घेऊन आत गेला. मशीन बंद आहे असे आपल्याला सांगण्यात आले होते, हे नातेवाइकांनी नंतर सांगितले. सिलिंडरसकट तो यंत्राकडे ओढला गेला, सिलिंडर फुटून गळू लागले, आणि त्यात तो गेला. त्याच्या आधी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारकच्या केंद्रात असेच सिलिंडर ओढले गेले होते. दोन कर्मचारी सिलिंडर आणि यंत्र यांच्यामध्ये सुमारे चार तास अडकून पडले. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात जुलै २००१ मध्ये सहा वर्षांचा मुलगा यंत्रात झोपलेला असताना सिलिंडर आत आले आणि त्याच्या डोक्यावर आदळले. त्याच राज्यात जुलै २०२५ मध्ये एका बाईंच्या गुडघ्याचा एमआरआय झाला, त्यांना उठायला मदत करायला नवरा आत गेला. त्याच्या गळ्यात व्यायामासाठी घातलेली सुमारे नऊ किलोंची साखळी होती.

या प्रकरणांत मेलेले किंवा जायबंदी झालेले लोक कोण होते ते पाहा. दोघे कर्मचारी, एक मुलगा, आणि दोघे रुग्णाबरोबर आलेले. आपल्याकडे एक आजारी असतो आणि पाच जण बरोबर येतात. कोणाच्या हातात स्टीलचा डबा, कोणाच्या कमरेला चाव्यांचा जुडगा, आजीच्या चंचीत अडकित्ता. खिशातले एक आणि दोन रुपयांचे नाणे चुंबकाला चिकटते, हे मुलांनासुद्धा माहीत आहे. म्हणून रुग्णाला जेवढे प्रश्न, तेवढेच त्याच्यासोबत आत जाणाऱ्यालाही. लहान मुलाजवळ आईला बसू देतात, म्हाताऱ्या माणसाजवळ मुलाला बसू देतात, पण त्यांचीही तपासणी झाल्यावर. आणि मदतीला कितीही मन धावले तरी, आतून कोणी ओरडले तरी, तंत्रज्ञाने हाक मारल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. चाकाची खुर्ची, स्ट्रेचर, सलाइनचा स्टँड, ही सगळी आतली वेगळी असतात. बाहेरची आत न्यायची नसतात.

आता कागदाकडे येतो. त्याला फॉर्म म्हणतात, आणि तो बहुधा कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असतो. आपला माणूस काय करतो? नर्स भराभर वाचते, हा मान हलवतो. पेसमेकर? नाही. ऑपरेशन? नाही. धातू? नाही. नाही, नाही, नाही, आणि खाली सही. नकाराची ही घाई मला कोणत्याही आजारापेक्षा जास्त भीतीदायक वाटते. कागद समजला नाही तर 'वाचून समजावून सांगा' म्हणायला लाजायचे कारण नाही. घरच्या शिकलेल्या मुलीला बरोबर न्या, तिला एकेक प्रश्न मराठीत विचारू द्या, आणि उत्तर देण्याआधी थोडे थांबा. डॉक्टर तुमच्या शरीरातले पाणी पाहू शकतील, चरबी पाहू शकतील, मणक्यातली गादी पाहू शकतील. तुमच्या अंगात वीस वर्षांपूर्वी शिरलेले लोखंड त्यांना चुंबकाच्या आधी कळायला हवे असेल, तर ते तुमच्या तोंडूनच कळले पाहिजे. एमआरआयची तयारी म्हणजे माझ्या मते मुख्यतः हे सांगणे. उपास आणि धीर हे त्यानंतर.

आणि आता तो डोळ्याचा प्रश्न.

लेथवर, ग्राइंडरवर, छिन्नी-हातोड्याच्या कामात कण उडतो. तुम्हाला तो प्रसंग मी काय सांगावा. डोळ्यात खुपते, पाणी येते, शेजारचा सोबती पापणी उलटवतो आणि रुमालाच्या टोकाने कण काढतो. काम पुन्हा सुरू. दुसऱ्या दिवशी डोळा लाल, तिसऱ्या दिवशी बरा. दहा वर्षांनी दवाखान्यात कोणी विचारले, 'डोळ्याला कधी इजा झाली होती का?' तर उत्तर नाही असे येते. खोटे बोलायचे म्हणून नव्हे. त्याच्या हिशेबात ती इजाच नव्हती. इजा म्हणजे बोट जाणे.

अडचण अशी की वेगाने उडालेला बारीक कण डोळ्याच्या पृष्ठभागावर थांबतोच असे नाही. तो आत शिरतो, मागे जखम मिटते, दुखणे थांबते. रुमालाला लागलेला कण निराळाच, आतला आतच. अंगात दुसरीकडे कुठे लोखंडाचा तुकडा राहिला तर काळाबरोबर त्याच्याभोवती घट्ट ऊतक तयार होते आणि ते त्याला धरून ठेवते. डोळ्याच्या आत सगळे मऊ, जेलीसारखे. तिथे धरून ठेवणारे काही नाही. शक्तिशाली चुंबकात गेल्यावर तो कण वळतो, सरकतो, आणि त्याच्या आसपास दृष्टिपटल आहे, रक्तवाहिन्या आहेत. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. पूर्वी पत्र्याचे काम केलेला माणूस. डोळ्यात कण आहे हे त्याला माहीत नव्हते. यंत्र आजच्यापेक्षा बरेच कमी ताकदीचे. तपासणी संपवून बाहेर येताना डोळ्यासमोर लख्ख उजेड चमकला आणि त्या डोळ्याची दृष्टी गेली. आत रक्तस्राव झाला होता. त्या एका हकिगतीमुळे जगभरच्या फॉर्मवर हा प्रश्न आला.

यावर उपाय अगदी साधा आहे. डोळ्यांच्या खोबणीचा एक्स-रे. काही मिनिटांचे काम. त्यात कण दिसला नाही तर पुढे एमआरआय. दिसला तर डोळ्यांच्या डॉक्टरांचा सल्ला, आणि आजाराचा तपास सीटी स्कॅनने किंवा दुसऱ्या वाटेने. पण हा एक्स-रे सांगायचा की नाही हे तुमच्या उत्तरावरून ठरते. म्हणून असे सांगा: 'मी ग्राइंडिंगचे काम करतो. अमुक डोळ्यात कण गेला होता. दवाखान्यात काढला होता', किंवा 'दवाखान्यात गेलो नव्हतो.' आणि नोकरी सोडून आता किराणा दुकान घातलेल्या काकांनीही हेच सांगायचे. फॉर्मवर आजचा धंदा विचारतात, कण मात्र जुन्या धंद्यातला असतो.

लोखंड सांगायचे ते डोळ्यातलेच नव्हे. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. खानापूर-बेळगावकडच्या कितीतरी घरांत निवृत्त जवान आहेत. त्यांच्या अंगात बॉम्बचे किंवा गोळ्यांचे तुकडे राहिलेले असू शकतात. शिशाची गोळी ओढली जात नाही, पण पोलादी तुकडा ओढला जातो, आणि आत नेमके काय राहिले आहे हे एक्स-रेवरूनही नेहमी कळत नाही. सैन्यातले जुने वैद्यकीय कागद घरी असतील तर बरोबर न्या. फौजी माणूस स्वतःच्या जखमेबद्दल आपणहून बोलत नाही, घरच्यांनी बोलावे.

हाडात घातलेली पट्टी, स्क्रू, सळई यांबद्दल मात्र लोक उगाच घाबरतात. ती बहुधा टायटॅनियमची किंवा ३१६ जातीच्या स्टेनलेसची असतात, आणि ३१६ ला चुंबक चिकटत नाही हे मी तुम्हाला सांगायला नको. तिथे फोटोत काळा डाग पडतो, एवढेच. हृदयातला स्टेंट, तांबी, दातांतले सिमेंट आणि चांदी, यांनी बहुधा अडत नाही, तरी सांगायचे. पेसमेकरवाल्याला पूर्वी सरसकट नकार मिळायचा. आता काही पेसमेकर अटींसह एमआरआयला चालतात, पण कोणता चालतो हे त्याच्या कार्डावरच्या मॉडेलवरून ठरते. ते कार्ड रेशन कार्डाच्या पिशवीत घरी राहिले तर तपासणी पुढे ढकलली जाते. मेंदूतल्या रक्तवाहिनीला लावलेली जुनी क्लिप, कानात बसवलेले श्रवणयंत्र, इन्शुलिनचा पंप, दंडावर चिकटवलेला साखर मोजायचा सेन्सर, काही औषधी पट्ट्या ज्यांच्या पाठीला ॲल्युमिनियम असते, ही सगळी सांगायची यादी. ऑपरेशन झाले असेल आणि काय बसवले ते माहीत नसेल, तर डिस्चार्ज कार्ड शोधून आणा. 'काहीतरी बसवलंय' एवढ्यावर कोणताही शहाणा तंत्रज्ञ तुम्हाला आत घेणार नाही.

आता बायकांकडे वळतो, कारण दाराशी खरा खोळंबा इथे होतो. मंगळसूत्र, जोडवी, पाटल्या, तोरड्या, नाकातली चमकी, केसांतले आकडे, साडीला लावलेल्या सेफ्टी पिना, ब्लाऊजचे हूक. पुरुषांचा करदोटा, दंडावरचा ताईत, पट्टा. सोने-चांदी चुंबकाला चिकटत नाही, मग काढायचे कशाला, असा प्रश्न येतो आणि तो चांगला प्रश्न आहे. एक तर दागिन्यातल्या मिश्रधातूची आणि फाश्यांच्या स्प्रिंगांची खात्री नसते. दुसरे, यंत्र रेडिओलहरी सोडते. दीड टेस्लाला त्या सुमारे ६४ मेगाहर्ट्झच्या असतात, तुमच्या एफएम रेडिओच्या थोड्या अलीकडच्या. धातूच्या बंद कड्यात त्यांनी वीज खेळते आणि कडे तापते. भरजरी काठाच्या साडीलाही हेच लागू. म्हणून दवाखाना त्याचा सुती गाऊन देतो, तो घाला.

जोडवी वर्षानुवर्षे बोटात रुतलेली असतात, दाराशी ओढून निघत नाहीत आणि बोट सुजते. आदल्या रात्री घरी साबणाच्या पाण्याने किंवा तेल लावून सावकाश काढा. गळा मोकळा ठेवणे मनाला पटत नसेल तर पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधून घाला. ही रीत आपल्याकडे आहेच, आणि हळकुंडावर चुंबकाचा काही अधिकार चालत नाही. काही काजळांत आणि डोळ्यांच्या इतर मेकअपमध्ये लोह असते, चेहरा धुऊन जा. आजीच्या हातावरचे जुने गोंदण काजळीचे, त्याची चिंता नको. नातवाच्या दंडावरच्या नव्या रंगीत टॅटूत लोहाचे रंग असू शकतात; तिथे चटका बसल्याची उदाहरणे विरळ आहेत, पण टॅटू असल्याचे सांगावे आणि आत गरम वाटले तर लगेच कळवावे.

याच रेडिओलहरींमुळे एक गोष्ट कोणाच्या ध्यानात येत नाही. आत झोपल्यावर आपला माणूस हात जोडतो. पोटावर बोटांत बोटे गुंफतो, पायावर पाय टाकतो. त्वचेला त्वचा लागली की शरीराचेच एक बंद कडे होते आणि जिथे त्वचा टेकते तिथे भाजू शकते. तंत्रज्ञ मांड्यांमध्ये, हात आणि अंगामध्ये कापडी घडी ठेवतो ती यासाठी. नमस्कार बाहेर करून आत जा. आत हात सुटे.

खाण्यापिण्याचे थोडक्यात सांगतो, कारण त्याबद्दल तुम्ही सगळे आधीच विचारता. मणक्याच्या, गुडघ्याच्या, मेंदूच्या साध्या एमआरआयला उपाशी राहावे लागत नाही. नेहमीच्या गोळ्या घ्या, जेवून जा. पोटाच्या तपासणीला बहुधा चार ते सहा तास उपाशी. लहान मुलाला भूल देऊन करायचे असेल तर भुलीचे डॉक्टर सांगतील ते घड्याळ पाळा: साधारणपणे अन्न आणि वरचे दूध सहा तास आधी बंद, आईचे दूध चार तास, पाणी दोन तास. मूल रडते म्हणून बिस्किट देणाऱ्या आत्याला घरीच ठेवा. मधुमेह्यांनी सकाळची वेळ मागून घ्यावी.

शिरेतून औषध सोडून करायच्या एमआरआयला गॅडोलिनियम वापरतात. मूत्रपिंडे फारच कमजोर असलेल्या काही रुग्णांची कातडी आणि सांधे या औषधानंतर कडक होत गेले, हे २००६ मध्ये लक्षात आले. तेव्हापासून क्रिएटिनिनची तपासणी मागतात आणि औषधेही बदलली. डायलिसिस चालू असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल, दिवस गेले असतील, तर हे आधी सांगा. 'डॉक्टर, किरण लागतील का?' या प्रश्नाचे उत्तर मात्र नाही असे आहे. एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात.

भीतीविषयी मी उपदेश करणार नाही. नळीत डोके घालून पडायला कोणालाही आवडत नाही. बोगद्याचा व्यास ६० किंवा ७० सेंटिमीटर, दोन्ही टोके उघडी, आत दिवा आणि हवा असते, हातात रबरी फुगा देतात आणि तो दाबला की तंत्रज्ञ थांबतो. लिफ्टमध्ये घाबरत असाल तर ते वेळ ठरवतानाच सांगा; दाराशी सांगितले तर गोळी देण्याची वेळ निघून गेलेली असते. गुडघ्याच्या तपासणीला पाय आधी आत जातात, डोके बहुधा बाहेरच राहते. आवाज मात्र मोठा असतो, शंभर डेसिबलच्या वर जातो. चुंबकातल्या छोट्या वेटोळ्यांमधून वीज झटपट चालू-बंद होते आणि ती वेटोळी हादरतात, त्याचा तो ठोका. प्रेसशॉपमधला माणूस म्हणतो, हे तर रोजचेच. रोजचेच आहे म्हणूनच कानात बोळे घाला. तुमचे कान आधीच पुष्कळ सोसून बसले आहेत.

तपासणी वीस मिनिटे ते पाऊण तास चालते आणि तेवढा वेळ न हलता पडायचे असते. खोकला असेल तर आधी औषध घ्या, लघवी करून जा. ओटीपोटाची तपासणी असेल तर विचारून घ्या, कारण तिथे कधी मूत्राशय थोडे भरलेले लागते. हा वेळ लांबलचक वाटला तर डॉ. डेमेडियन यांना आठवा. १९७७ मध्ये माणसाच्या शरीराचे पहिले चित्र घ्यायला ते स्वतःच यंत्रात बसले. काही दिसले नाही. ते अंगाने जाड आहेत म्हणून, असे ठरले. मग ३ जुलैला त्यांचा एक सडपातळ विद्यार्थी बसला, आणि छातीचे एक चित्र यायला पावणेपाच तास लागले. या शास्त्राच्या पायात आपल्याकडचाही एक दगड आहे. वाहत्या द्रवातून येणारे, एमआरआय ज्यांवर चालतो तसले संकेत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत जी. सूर्यन यांनी १९५१ मध्येच मोजले होते. तेव्हा ते कोणाच्या पाठदुखीसाठी नव्हते.

पाठदुखीचेच बोलू, कारण तुमच्यातले बहुतेक जण त्यासाठीच जाणार. इथे आणखी एक तयारी आहे, ती रिपोर्टची. २०१५ मध्ये जुन्या अभ्यासांचा एक एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांना पाठदुखी अजिबात नाही अशा तीन हजारांवर माणसांचे मणके त्यात पाहिले होते. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या आणि ऐंशीच्या वयातल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांत झीज दिसली. दुखत काहीच नव्हते. म्हणजे रिपोर्टमध्ये 'झीज', 'गादी फुगलेली' असे शब्द आले म्हणून तुमचे दुखणे त्यातूनच आले असे होत नाही. नेमके कुठे दुखते, पायात कुठपर्यंत उतरते, कोणत्या बोटाला मुंग्या येतात, केव्हापासून, हे चिठ्ठीवर डॉक्टरांकडून लिहून घ्या. चित्र वाचणारा डॉक्टर तुम्हाला पाहत नाही, तो फक्त चित्र आणि ती चिठ्ठी पाहतो. नुसते 'पाठदुखी' लिहिले तर त्याला दिसेल ते सगळे तो लिहून ठेवतो आणि तुम्ही रात्रभर जागता. जुन्या फिल्म आणि रिपोर्ट बरोबर न्या. गेल्या वर्षीचे आणि या वर्षीचे शेजारी ठेवले की अर्धी शंका तिथेच मिटते.

आता शेवटचे, आणि ते या वसाहतीतल्या मालकांना आणि युनियनच्या लोकांना उद्देशून आहे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या ३५ व्या कलमात डोळ्यांच्या संरक्षणाची तरतूद होती. गॉगल द्या म्हणून तो कायदा सांगत असे आणि गॉगल बहुतेक ठिकाणी देतातही. घालतात किती, हे तुम्हीच पाहता. ज्यांच्या नावाने आपण इथे जमलो आहोत ते फोरमनसाहेब गॉगल कपाळावर चढवलेल्या पोराला मशीनवरून उठवत असत, असे त्यांच्या हाताखाली शिकलेले लोक सांगतात. पण कण गेलाच, तर त्याची नोंद कुठे राहते? प्रथमोपचाराच्या वहीत राहिली तर राहिली. कंत्राटी कामगाराची तर तिथेही राहत नाही. कंत्राट बदलते, माणूस दुसऱ्या शेडमध्ये जातो, वही मागेच.

माझी सूचना अशी आहे. ज्याच्या डोळ्यात कण गेला त्याला त्याच दिवशी एक चिठ्ठी द्या. कायम असो की कंत्राटी. चिठ्ठी कन्नडमध्ये आणि इंग्रजीत असावी, म्हणजे हुबळीच्या किंवा बेळगावच्या दवाखान्यात ती कोणालाही वाचता येईल. तिच्यावर तारीख, उजवा की डावा डोळा, कोणते काम करताना, कोणता धातू, कण कोणी काढला, डोळ्यांच्या डॉक्टरांनी पाहिले का, एक्स-रे काढला का, एवढेच असावे. कामगाराने ती आधार कार्डाच्या पाकिटात ठेवावी आणि घरी बायकोला दाखवून ठेवावी. या वसाहतीतला एखादा कारखाना हे सुरू करायला तयार असेल तर चिठ्ठीचा नमुना मी आजच लिहून देतो. कार्यक्रमानंतर मी इथेच थांबणार आहे.